मागच्या खोलीपर्यंत सिग्नल

आमचे शेजारी दिगंबरभाऊ निंबार्ते घरात उलटे चालतात.

थट्टा करत नाही. दोन्ही हातांत टॅब धरायचा, तोही आरतीचं ताट धरल्यासारखा छातीसमोर, तोंड बैठकीतल्या राऊटरकडे ठेवायचं आणि एकेक पाऊल मागे टाकत माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी असा प्रवास करायचा. टॅबवर एक भला मोठा ट्रक कुठल्याशा परदेशी रस्त्याच्या कडेला उभा असतो. इंजिन चालू, आणि काचेवर वायपर डावी-उजवीकडे हलत असतात. वायपर मधेच थबकला की भाऊही थबकतात. खिशातून खडू काढतात, पायाखालच्या फरशीवर फुली मारतात आणि स्वतःशीच म्हणतात, "अटकते कुठं, थे पाहू!"

उलटं का चालायचं, असं मी एकदा विचारलं. भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो. म्हणाले, "देवळातून निघता तवा देवाले पाठ दाखवता का सर तुम्ही?" राऊटरला पाठ दाखवली की सिग्नल रुसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

या उद्योगामुळे त्यांचं घर एखादी पोलीस चौकशी होऊन गेल्यासारखं दिसायचं. ओट्यावर फुल्या, जिन्यावर फुल्या, दारांच्या चौकटींवर फुल्या. पाहुण्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एक अशी ठसठशीत फुली होती की बसणाऱ्याच्या शर्टावर उमटूनच ती पुसली जायची आणि भाऊ ती पुन्हा काढायचे. माझा निळा शर्ट त्यात कामी आला.

आता दिगंबरभाऊ म्हणजे कोणी कॉलेजातलं पोट्टं नव्हे. साठी उलटलेला माणूस. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. डोक्यावर टोपी नाही, कपाळावर गंध नाही, तोंडात मात्र सदा लवंग. बोलणं सावकाश आणि ठाम. एखादी गोष्ट होत नाही असं कोणी म्हटलं की त्यांचे डोळे लकाकतात. गळकी घागर घेऊन गिऱ्हाईक आलं की ते तिच्यात पाणी भरतात, बाहेरून कोरडी करतात, वर खडूची पूड चोळतात आणि समोर मांडी घालून बसून राहतात. पूड जिथे ओली होईल तिथे गळती. "अटकते कुठं, थे पाहू" हे वाक्य मुळात "गळते कुठं, थे पाहू" असं होतं. घागरीवर चालली ती रीत वाय-फायवर का चालू नये, हा त्यांचा साधा हिशेब.

खेळाचं मूळ असं. त्यांचा मुलगा प्रशांत नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना खेळांसाठी जुळवलेला आपला दणकट कॉम्प्युटर वरच्या खोलीत ठेवून गेला. त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. दिवाळीआधी दुपारच्या वेळी वरून त्याचा हॉर्न आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. माल भरायचा, एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा, गोदामाच्या दारात ट्रक उलटा लावायचा, की झालं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. या खेळात दोन देश चहा संपायच्या आत ओलांडले जातात, त्यामुळे माझा त्याच्यावर राग आहे. पण हे माझं झालं. प्रशांतनंच फोनवर सांगितलं की खेळ वरच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवून घरात कुठेही टॅबवर खेळता येतो. तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात किडा शिरला.

हे कसं होतं, ते भाऊ कोणालाही समजावून सांगत. न विचारणाऱ्याला जास्त तपशीलवार.

"कॉम्प्युटर म्हंजे चूल. सैपाक होते वर. टॅब म्हंजे ताट. आता मले सांगा सर, सैपाक वर झाला म्हणून जेवाले बी वरच बसाचं का? ताट घ्या, पाहिजे तिथं बसा!"

"आणि राऊटर?"

"थो वाढणारा. त्याचा हात कुठवरी पुरते, थेच त पाहून राहिलो."

वाढणाऱ्याचा हात ओट्यावर पुरत होता, बैठकीत पुरत होता, जिन्यातही बऱ्यापैकी पुरत होता. माजघराच्या मध्यावर तो अडखळायचा आणि मागच्या खोलीत एकदम आखडायचा. मागच्या खोलीत वायपर एकदा डावीकडे जायचा आणि तिथेच राहायचा. भाऊंना खेळ नेमका मागच्या खोलीतच पाहिजे होता.

मागच्या खोलीत त्यांची बायको होती, लतावहिनी.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनी स्टुलावरून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता बसा, पाय खाली टेकवा, वॉकर धरून उभ्या राहा. इथे गाडी अडली. वहिनी बसायलाच तयार नव्हत्या. एरवी गल्लीत सगळ्यात आधी हसू ऐकू यायचं ते या बाईचं, पण आता त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मालिश करायला येणारी बाई म्हणे, बसा ना काकू. प्रशांत फोनवर म्हणे, बस ना आई. सगळ्यांना एकच उत्तर मिळायचं, "बसून काय करू?"

डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की अशीच पडून राहिली तर पाय कायमचा जाईल. ही गोष्ट भाऊंनी मला ओट्यावर सांगितली, लवंग चघळत, नेहमीच्याच आवाजात. सांगून झाल्यावर उठले, टॅब घेतला आणि उलटे चालत आत गेले.

माझी बायको कुंदा या प्रकारावर भयंकर चिडली. "आजारी माणसाजवळ बसाचं त बसा ना! बसल्या बसल्या खेळ पाहिजेच कायले?" तिचं म्हणणं मला पटलं. आमच्या चौकातल्या पानठेल्यालाही पटलं. तिथे भाऊंचं नाव 'उस्ताद' पडलं. भाऊ तिकडून निघाले की कोणीतरी तोंडानं ट्रकचा हॉर्न वाजवायचं. भाऊ रागवायचे नाहीत. हात वर करून, खरोखरीचा ड्रायव्हर समोरच्या गाडीला करतो तसा सलाम करायचे आणि पुढे जायचे. कोणी थेट विचारलंच तर म्हणायचे, "नाद हाय बाप्पा मले. म्हातारपणी लागला, आता काय करता!"

मग परातीचं प्रकरण झालं. पितळेच्या व्यापाऱ्यालाच सुचेल अशी ती युक्ती होती. एक दिवस भाऊंनी दुकानातली सगळ्यात मोठी परात आणली, चिंच लावून आरशासारखी लखलखीत घासली आणि बैठकीत राऊटरच्या पाठीमागे उभी केली. राऊटर बिचारा तिच्यापुढे प्रभावळीतल्या देवासारखा दिसू लागला.

"आवाज कसा घुमते परातीत? तसंच सिग्नल घुमन," भाऊ म्हणाले. "मांगं वाया जाते थो सारा समोर फेकला जाईन."

सिग्नल फेकला गेला, यात शंका नाही. फक्त परातीचं तोंड थोडं चुकलं होतं. मागच्या खोलीत वायपर पूर्वी एकदा तरी हलायचा, तोही बंद झाला आणि आमच्या स्वयंपाकघरात खेळ इतका सुरेख चालू लागला की ट्रकच्या काचेवरचे पावसाचे थेंब मोजावेत. भाऊ टॅब घेऊन फिरत फिरत, खडूच्या फुल्या मारत, मधल्या फाटकातून आमच्या घरात आले आणि कुंदाच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद होता.

"भाऊ," कुंदा लाटणं थांबवून म्हणाली, "पोळ्या करू का ट्रक जाऊ देऊ?"

"दोन मिनिटं वहिनी. इथं कायले येते, थे समजलं की तिथं काहून येत नाही थे समजन."

त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर फुली मारली. इथे मात्र ती सिग्नल नीट पोचतो याची खूण होती, असं नंतर कळलं. कुंदानं ती संध्याकाळपर्यंत ठेवली आणि मग माझ्याकडून पुसून घेतली.

त्याच आठवड्यात मी भाऊंच्या माजघरात उभा राहून जरा डोकं चालवलं आणि मला कारण सापडलं. भूगोलाच्या मास्तराला अडथळे दिसतात. नदी कुठे अडते, वारा कुठे अडतो, हेच तर शिकवलं जन्मभर. माजघर आणि मागची खोली यांच्यामध्ये भिंतभर लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर खालपासून छतापर्यंत पितळ. गुंड, घागरी, कोपर, पराती, गंगाळ, चरव्या, पेले. लतावहिनींना लग्नात आंदण म्हणून मिळालेली सगळी भांडी. वहिनी दर सणाला ती उतरवून घासायच्या आणि पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी चढवायच्या. सिग्नलच्या वाटेत ही पितळेची भिंत उभी होती.

"भाऊ," मी म्हणालो, "इतकं उलटं चाललात, पण अडते इथे! ही मांडणी खाली करा. भांडी पोत्यात भरून वर ठेवा. खेळ मागच्या खोलीत गेलाच म्हणून समजा."

मला वाटलं, भाऊ मला मिठी मारतील.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"मग?"

"थे नाही हलणार."

आवाज हळू होता, पण त्यांचा हा सूर मी पूर्वी ऐकला नव्हता. मला हाताला धरून त्यांनी ओट्यावर नेलं, मागच्या खोलीपासून दूर.

"परवा मी एक कोपर उतरवला होता सर. एकच. पाह्यलं, काही फरक पडते का. आवाज न करता उतरवला, दुकानदार माणूस हो मी, भांडं कसं धराचं थे मले समजते. त अंदरून तिचा आवाज आला, 'कोपर हलवला का जी?' पडल्या पडल्या! तोंड भिंतीकडं, न् कोणतं भांडं हललं थे तिले समजलं. मी लगेच जागेवर ठेवला. त्या दिवशी ती तेवढंच बोलली, बाकी दिवसभर काही नाही." त्यांनी तोंडातली लवंग काढून फेकली. "मांडणी खाली केली त ती काय समजन? 'मी उठत नाही म्हणून माहं घर आवरून राहिले', असंच ना? मंग तिले कोण बसवन?"

मी दुसराच मार्ग काढला. कॉम्प्युटरच खाली आणून मागच्या खोलीत का नाही ठेवत, असं विचारलं. तेही त्यांनी करून पाहिलं होतं. मागच्या खोलीची वायरिंग जुनी होती, कॉम्प्युटर लावला की फ्यूज उडायचा, आणि खोलीत पलंग आणि वॉकर सोडून टेबल मावेल इतकी जागाही नव्हती. वहिनींना वरच्या खोलीत नेणं तर त्या अरुंद जिन्यावरून शक्यच नव्हतं. प्रत्येक वाट त्यांनी आधीच चालून पाहिली होती, बहुतेक उलटी.

अड्याळहून त्यांची मोठी बहीण आली, तेव्हा मी तिथेच होतो. घरचं धान निघालं होतं, नवा तांदूळ घेऊन आली होती. पिशवी खाली ठेवून तिनं पाहिलं तर भाऊ तोंडात खडू आणि हातात टॅब घेऊन माजघरात गुडघ्यावर रांगत होते. त्या दिवशी त्यांना जमिनीलगतचा सिग्नल पाहायचा होता.

"काहून रे दिगंबर!" बाई कडाडली. "बायको आंथरुणाले खिळली, न् तू खेळ खेळून राहिला? घोड्यासारखा झाला, तुले लाज नाही वाटत?"

भाऊ उठून उभे राहिले. लहान भावासारखी मान खाली घातली.

"नाद लागला बाई. सुटत नाही."

"आग लाव त्या नादाले! सारे नातलग हसून राहिले तुले. तिच्या जिवाले काय वाटत असन?"

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून पलंग कुरकुरला. भाऊंनी बहिणीला पाणी दिलं, खुर्ची दिली. घाईत खुर्चीवरची फुली पुसायची राहिली आणि बाई पाठीवर फुली घेऊन अड्याळला परत गेली. मला हसूही आलं आणि भाऊंचा थोडा रागही आला. माणसानं आपली बाजू तरी मांडावी.

त्या दिवसानंतर भाऊंनी फुल्या मारणं थांबवलं आणि वायर आणली. आतून वाट नाही ना, मग घराला बाहेरून वळसा. बैठकीतून खिडकीवाटे ओट्यावर, ओट्यावरून गच्चीवर, गच्चीवरून मागच्या भिंतीनं खाली आणि भिंतीला भोक पाडून मागच्या खोलीत. तिथे दुसरा एक छोटा राऊटर ठेवायचा. केबलवाला येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "काका, इतकं लांबून नाही होत, सोडा." झालं. भाऊंचे डोळे लकाकले.

वायर त्यांनी स्वतः ओढली. मी शिडी धरली, कारण खाली पडणाऱ्यांची संख्या त्या घरात वाढू नये असं मला वाटत होतं. संध्याकाळी वायर लागली आणि सकाळी गच्चीवर माकडांचा कळप आला. काळ्या तोंडाच्या एका दांडग्या हुप्प्यानं वायर उचकटली, दातानं सोलून पाहिली, आवडली नाही म्हणून फेकून दिली. मी म्हटलं, आता तरी पुरे. भाऊ बाजारातून पाण्याचे प्लास्टिकचे पाइप घेऊन आले, नवी वायर त्यांच्यातून ओवली आणि पुन्हा शिडीवर चढले. मागच्या भिंतीचं भोक पाडताना ड्रिल एका दगडावर अडलं. हातभर बाजूला नवं भोक पाडलं, तेही अडलं. तिसऱ्या ठिकाणी गेलं आरपार. भाऊंच्या भुवया, मिशा सगळं चुन्यानं पांढरं झालं होतं. प्रशांतला फोन लावून, तो सांगेल तसं एकेक बटण दाबत त्यांनी दुपारपर्यंत तो छोटा राऊटर चालू केला आणि फाटकातून हाक मारली, "सर! वहिनीले बी घेऊन या!"

आम्ही गेलो. कुंदा मनातून नाखूशच होती. मागच्या खोलीत वहिनी नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कुंदानं "कसं वाटते?" विचारलं, त्यांनी "बरं हाय" म्हटलं, मान वळवली नाही. पलंगाशेजारी भाऊंनी स्टुलावर टॅब उभा केला होता आणि हातात खेळ चालवायचं एक बटणांचं यंत्र घेतलं होतं. टॅबवर ट्रक उभा होता. वायपर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे. कुठेही थबकला नाही. भाऊंनी आमच्याकडे पाहिलं, पण नेहमीचं वाक्य म्हटलं नाही.

मग त्यांनी ट्रक चालवायला घेतला.

आता मी खेळातलं काही जाणत नाही, तरी माझ्या लक्षात आलं की हा माणूस त्याहून कमी जाणतो. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, ट्रक जागचा हलेना. भाऊंनी दुसरं बटण दाबलं, दिवे लागले. आणखी एक दाबलं, हॉर्न वाजला. मग ट्रक अचानक उसळला, एका खांबाला घासला आणि फुटपाथवर चढला.

"हँडब्रेक," भिंतीकडून आवाज आला.

भाऊ थांबले.

"हँडब्रेक अर्धाच सोडला तुम्ही. न् आता पहिले मांगं घ्या. मांगं जी! आरसा पाहा, मांगून गाडी येऊन राहिली!"

वहिनींनी मान वळवली होती. भाऊंनी मागे घ्यायच्या ऐवजी ट्रक पुढे नेला आणि एका दुकानाच्या काचेला टेकवला. वहिनींनी कपाळाला हात लावला. मग कोपरावर भार देऊन त्या उठू लागल्या. कुंदा पुढे झाली, मी पुढे झालो, भाऊ मात्र जागचे हलले नाहीत, टॅबकडेच पाहत राहिले.

"द्या इकडं," वहिनी म्हणाल्या. "उशी लावा मांगं. अशी नाही, उभी लावा."

कुंदानं उशी उभी लावली. लतावहिनी बसल्या. यंत्र हातात घेतलं आणि एवढ्यात आमच्याकडे लक्ष जाऊन एकदम लाजल्या. भाऊ घाईनं आम्हाला म्हणाले, "माह्यापायी हिले बी नाद लागला, दुसरं काय!" तोवर ट्रक दुकानापासून अलगद सुटला होता, वळणावर इशारा देऊन मोठ्या रस्त्याला लागला होता. गिअर पडत होते, आरशात पाहणं होत होतं, पुढच्या गाडीला वाट देणं होत होतं. मी स्कूटरही इतक्या शिस्तीनं चालवत नाही.

भाऊंनी आम्हा दोघांना खुणेनं बाहेर नेलं, चहाच्या निमित्तानं. ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला हा खेळ येतो तरी का?"

"कुठं! डावं-उजवं समजत नाही मले त्याच्यातलं."

"मग वरच्या खोलीतून दुपारी हॉर्न यायचा तो?"

"दुपारी मी दुकानात नसतो का सर?"

ते दुपारी दुकानात असतात हे मला ठाऊक होतं आणि वरून हॉर्न येतो हेही ठाऊक होतं. दोन्ही एकत्र ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ हळूहळू सांगत गेले. वहिनींचे वडील ट्रक चालवायचे. तुमसरच्या राईस मिलचा तांदूळ भरून पार रायपूरपर्यंत जायचे आणि लहानपणी सुट्टीत पोरीला शेजारी बसवून न्यायचे. "स्टेअरिंग हाती देल्लं नाही कधी. पोरीची जात म्हणून. मंग लग्न झालं. मले सायकलच्या पुढं काही येत नाही, मी काय शिकवणार? पोट्टं पुण्याले गेलं, घर सुनं झालं, तवा एक दिवस ही वर झाडू माराले गेली न् खाली आलीच नाही. पाहाले गेलो त ट्रक चालवून राहिली! मले पाहून घाबरली. म्हणे, कोणाले सांगू नका जी."

"आणि मग हे सगळं... पानठेला, तुमची बहीण..."

"हसू द्या ना. मले हसले त मले काय होते? मी दुकानात जाऊन बसतो. तिले एकदा हसले असते ना सर, त तिनं सोडूनच देल्लं असतं. मंग मी तिले कायच्यासाठी बस म्हटलं असतं?"

कुंदानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. नाकावरचा राग कधीच गेला होता, आता तिथे दुसरंच काही होतं. मी भाऊंच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात आतून हाक आली. आवाज खणखणीत होता.

"अहो! इकडं या ना! गोदामात उलटा लावाचा हाय, न् डावी बाजू दिसत नाही मले!"

भाऊ धावले. आम्ही दारापर्यंत गेलो. वहिनी सरकत सरकत पलंगाच्या काठाशी आल्या होत्या, स्टूल जवळ ओढलं होतं. भाऊ त्यांच्या डाव्या हाताला उभे राहिले, ट्रकचा क्लीनर उभा राहतो तसे, टॅबच्या डाव्या कडेवर वाकले आणि हात हलवत मोठ्यानं सांगू लागले, "येऊ द्या उस्ताद, येऊ द्या... जरासं उजवीकडं... मोकळं हाय, येऊ द्या..."

ट्रक इंच इंच मागे सरकत होता. वहिनींच्या कपाळावर घाम होता. त्या यंत्राला ब्रेक बोटाखाली असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेलं अंगातून जात नसावं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धरलं नव्हतं, आणि लतावहिनींचा उजवा पाय पलंगाखाली उतरून फरशीवर टेकला होता आणि ब्रेक दाबत होता.

"लागली जी," वहिनी म्हणाल्या. "लागली गाडी, कवाची लागली!"

भाऊ टॅबकडे पाहतच नव्हते. ते त्या पावलाकडे पाहत होते, आणि हात हलवत अजून म्हणत होते, "येऊ द्या उस्ताद... येऊ द्या..."